जुन्या मोटोक्रॉस गाड्या आणि त्यांची ओढ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लांबवर कुठेतरी जुनी टू-स्ट्रोक गाडी चढ चढताना ऐकू आली की काही माणसांच्या हातातलं काम थांबतं. मी त्यांपैकी एक. गेली बरीच वर्षं मोटोक्रॉसच्या, म्हणजे मातीच्या चढउताराच्या ट्रॅकवर शर्यतीत धावणाऱ्या, जुन्या मोटरसायकली उघडतो, जोडतो, चालवतो, आणि तितकीच वर्षं लोकांच्या त्याच त्या प्रश्नांना उत्तरं देतो. ती उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवली आहेत. काही लांबली आहेत. तिथे सांगण्यासारखं खरंच खूप आहे.

## ‘व्हिंटेज’ म्हणजे नेमकी किती जुनी गाडी?

हे वयापेक्षा बांधणीवर ठरतं. अमेरिकन हिस्टॉरिक रेसिंग मोटरसायकल असोसिएशनच्या नियमांत व्हिंटेज मोटोक्रॉसची रेघ १९७४ पर्यंतच्या बांधणीपाशी ओढलेली आहे. त्या गटात पुढचं चाक ७ इंचांपेक्षा आणि मागचं चाक ४ इंचांपेक्षा जास्त वरखाली होता कामा नये. ४ इंच म्हणजे अर्धी वीत. आजच्या मोटोक्रॉस गाडीचं मागचं चाक १२ इंचांच्या आसपास हलतं, यावरून अंदाज येईल.

१९७४ च्या पुढच्या गाड्यांना ‘पोस्ट-व्हिंटेज’ म्हणतात. ब्रिटनमध्ये ‘ट्विनशॉक’ हा गट फार लोकप्रिय आहे; नावाप्रमाणे मागच्या चाकाला दोन शॉक, म्हणजे धक्के झेलणाऱ्या स्प्रिंगच्या दांड्या, असलेल्या गाड्या त्यात धावतात. ‘इव्होल्यूशन’ गटाच्या अटी तीन: इंजिन हवेवर थंड होणारं, दोन्ही चाकांना ड्रम ब्रेक, आणि मागच्या शॉकला लिंकेज, म्हणजे शॉक आणि स्विंगआर्म यांच्यामधली सांध्यांची जोडणी, नाही. या तीन अटी डोक्यात पक्क्या बसल्या की अनोळखी गाडी नुसती बघूनही तिचा काळ बऱ्यापैकी अचूक सांगता येतो.

## हा खेळ सुरू कुठे झाला?

इंग्लंडमध्ये. २९ मार्च १९२४ रोजी सरे परगण्यातल्या कॅम्बर्लीजवळ एक शर्यत झाली. तोवर माळरानावरच्या स्पर्धा ‘ट्रायल’ पद्धतीने होत. अवघड जागी पाय टेकला की गुण कापायचे आणि त्यासाठी परीक्षक उभे करायचे, अशी ती पद्धत. कॅम्बर्लीत परीक्षकांचा भाग वगळला आणि फक्त वेग ठेवला. अशाने ही चांगलीच ‘स्क्रॅम्बल’, म्हणजे झोंबाझोंबी होणार, असं कोणीतरी म्हणालं आणि तेच नाव चिकटलं. पुढे फ्रेंचांनी ‘मोटोसिक्लेट’ आणि ‘क्रॉस-कंट्री’ हे दोन शब्द सांधून ‘मोटोक्रॉस’ केलं.

१९४७ मध्ये नेदरलँड्समधल्या वासेनार इथे देशांच्या संघांची पहिली स्पर्धा झाली आणि ब्रिटनने ती जिंकली. ५०० सीसीची युरोपीय अजिंक्यपद स्पर्धा १९५२ मध्ये सुरू झाली. १९५७ मध्ये तिला जागतिक दर्जा मिळाला आणि स्वीडनचा बिल निल्सन पहिला जगज्जेता ठरला. २५० सीसीचा जागतिक गट १९६२ मध्ये आला, १२५ सीसीचा १९७५ मध्ये.

## १९६० च्या मध्यापासून १९८० च्या सुरुवातीपर्यंतच्याच काळाचं एवढं कौतुक का?

माझ्या मते याचं कारण एकच आहे. चांगली डर्ट बाईक कशी असावी, हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हतं. प्रत्येक कारखाना आपापला अंदाज बांधत होता आणि रविवारच्या शर्यतीत तो अंदाज तपासला जात होता. आज वेगवेगळ्या कंपन्यांच्या गाड्या रंग झाकून उभ्या केल्या तर नवख्याला ओळखता येणार नाहीत. तेव्हा मात्र प्रत्येक गाडी दुसरीपासून मुळातच वेगळी होती.

ग्रीव्ह्जचंच बघा. एसेक्समधला हा छोटा इंग्लिश कारखाना. फ्रेमच्या पुढच्या भागाला सगळे पोलादी नळी वापरत, त्यांनी तिथे हलक्या मिश्रधातूची ओतीव तुळई बसवली. पुढच्या फोर्कमध्ये स्प्रिंगऐवजी पिळला जाणारा रबर. दिसायला विचित्र, पण डेव्ह बिकर्सने त्याच गाडीवर १९६० आणि १९६१ मध्ये २५० सीसीचं युरोपीय अजिंक्यपद मिळवलं. डेरेक आणि डॉन रिकमन या भावांनी दुसऱ्यांची इंजिनं स्वतःच्या निकेल चढवलेल्या फ्रेममध्ये बसवली आणि तिला ‘मेटिस’, म्हणजे फ्रेंचमध्ये संकरित, असं नाव दिलं. माझ्या नजरेत तिच्याइतकी देखणी स्क्रॅम्बलर झालीच नाही. जेफ स्मिथने ब्रिटनच्या बीएसए कंपनीला १९६४ आणि १९६५ असं सलग दोनदा ५०० सीसीचं जगज्जेतेपद मिळवून दिल्यावर बीएसएने वजन उतरवण्यासाठी टायटॅनियमची फ्रेम केली. हलकी झाली खरी, पण टायटॅनियमचं वेल्डिंग साध्या हवेत होत नाही. शर्यतीच्या मैदानावर तडा गेला की दुरुस्तीच खुंटली. अंदाज चुकला. तरी तो करून पाहण्याची हिंमत मला आजही मोठी वाटते.

त्याच सुमारास टू-स्ट्रोकने फोर-स्ट्रोकची सद्दी संपवली. त्यामागची गोष्ट रस्त्यावरच्या शर्यतींतून सुरू होते. पूर्व जर्मनीतल्या एमझेड कारखान्यात वाल्टर काडन हा अभियंता सायलेन्सरच्या नळीच्या आकारावर काम करत होता. जळालेला वायू बाहेर पडताना दाबाची लाट तयार होते. नळी आधी फुगवून मग निमुळती केली, तर ती लाट परत फिरते आणि बाहेर निसटू पाहणारं ताजं मिश्रण पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलते. टू-स्ट्रोकच्या पोटाखाली दिसणारी ती फुगीर नळी म्हणजे एका अर्थी इंजिनाचा अर्धा भागच. १९६१ च्या सप्टेंबरमध्ये एमझेडचा रायडर अर्न्स्ट डेग्नर स्वीडनमधल्या शर्यतीच्या वेळी पळून पश्चिमेकडे गेला आणि ते ज्ञान त्याच्याबरोबर सुझुकीकडे पोचलं. पुढच्याच वर्षी सुझुकीने ५० सीसीचं जगज्जेतेपद मिळवलं, स्वार अर्थात डेग्नर.

मातीवर मात्र जागतिक पातळीवर टू-स्ट्रोकचा पहिला मान चेकोस्लोव्हाकियाच्या सीझेडचा आणि स्वीडनच्या हुस्कवार्नाचा. पूर्व जर्मनीचा पाउल फ्रीड्रिख्स १९६६ मध्ये सीझेडवर ५०० सीसीचा जगज्जेता झाला. त्या गटात टू-स्ट्रोक पहिल्यांदाच जिंकत होती. त्याने १९६७ आणि १९६८ मध्येही किताब सोडला नाही. त्यानंतर जपानी आले. १९७० मध्ये जोएल रोबेरने सुझुकीवर २५० सीसीचा किताब घेतला, तो कोणत्याही जपानी कंपनीचा मोटोक्रॉसमधला पहिला जागतिक किताब.

मग शॉकची क्रांती. बेल्जियमच्या लुसियाँ टिल्केन्स याने मागचे दोन शॉक काढून एकच लांब शॉक टाकीखाली आडवा बसवायची कल्पना मांडली. यामाहाने ती उचलली आणि १९७३ मध्ये हाकन अँडरसन तिच्यावर २५० सीसीचा जगज्जेता झाला. पाठोपाठ जर्मनीच्या माइको कंपनीने दोन्ही शॉक पुढे सरकवून मागच्या चाकाला जास्त हालचाल दिली, आणि ते पाहून कितीतरी लोकांनी घरीच करवत आणि वेल्डिंग मशीन काढून आपल्या गाड्यांचे शॉक पुढे नेले. ४ इंचांवरून १२ इंचांपर्यंतचा प्रवास दहाएक वर्षांत झाला. १९७३ मध्ये विकत घेतलेली उत्तम गाडी १९७६ मध्ये मागे पडलेली असे. खिशाला ते जड जाई, पण दरवर्षी नवं काय येणार ही उत्सुकता पुन्हा कधी तशी राहिली नाही.

१९८१ च्या सुमारास पाण्यावर थंड होणारी इंजिनं आणि लिंकेजवरचे शॉक विक्रीच्या गाड्यांत आले, मागोमाग डिस्क ब्रेक. प्रश्न सुटले आणि उत्तरं सगळ्यांची सारखीच निघाली. १९८६ पासून अमेरिकेतल्या शर्यतींत कारखान्याच्या खास एकमेव गाड्यांवर बंदी आली. मी माझ्यापुरता तो काळ तिथे संपवतो.

## त्या काळातले कोणते रायडर माहीत असायलाच हवेत?

दोन बेल्जियनांपासून सुरुवात करा.

जोएल रोबेरने २५० सीसीचे सहा जागतिक किताब मिळवले: १९६४, १९६८ आणि १९६९ मध्ये सीझेडवर, १९७० ते १९७२ सुझुकीवर. पहिला किताब घेतला तेव्हा तो वीस वर्षांचा होता. जागतिक मालिकेतल्या शर्यतींना ग्राँ प्री म्हणतात; त्याच्या ५० ग्राँ प्री विजयांचा विक्रम बेल्जियमच्याच स्टेफान एव्हर्ट्सने मोडेपर्यंत टिकला. व्यायामाचा कंटाळा, खाण्यापिण्याची हौस, आणि गाडीवर बसला की जन्मजात देणगी. रॉजर डी कॉस्टर त्याच्या अगदी उलट: शिस्त, सराव, गाडीच्या प्रत्येक बोल्टची माहिती. ५०० सीसीचे पाच किताब, १९७१, १९७२, १९७३, १९७५ आणि १९७६, सगळे सुझुकीवर. लोक त्याला नुसतं ‘द मॅन’ म्हणत.

मधलं १९७४ कुठे गेलं? ते फिनलंडच्या हेइक्की मिक्कोलाने हुस्कवार्नावर नेलं. मिक्कोला गाडी अक्षरशः मुरगाळून चालवायचा. नंतर १९७७ आणि १९७८ मध्ये यामाहावर त्याने डी कॉस्टरला पुन्हा मागे टाकलं. त्या वेळच्या ग्राँ प्रीत एका दिवशी दोन शर्यती असत, प्रत्येकी ४० मिनिटं आणि वर दोन फेऱ्या. अर्ध्या विताच्या शॉकवर ४० मिनिटं! जुनी छायाचित्रं बघताना रायडरांचे हात बघा. मनगटापासून कोपरापर्यंतच्या शिरा सगळं सांगतात.

स्वीडनचा टॉर्स्टन हाल्मन, चार वेळा २५० सीसीचा जगज्जेता, याचं नाव पुढच्या उत्तरात येतंच आहे. आणि १२५ सीसीच्या गटाचे पहिले तीनही किताब घेणारा गॅस्टन राहिए. उंचीने एवढा कमी की सुरुवातीच्या रांगेत त्याचे पाय जमिनीला धड पोचत नसत.

## अमेरिकेत हे वेड कसं पसरलं?

हुस्कवार्नाचे अमेरिकेतले आयातदार एडिसन डाय यांनी १९६६ मध्ये हाल्मनला बोलावून घेतलं. जड फोर-स्ट्रोक गाड्यांवर वाळवंटात धावणाऱ्या तिथल्या रायडरांना त्याने हलकी टू-स्ट्रोक काय करू शकते ते दाखवलं. पुढच्या वर्षीपासून डाय युरोपातले रायडर दौऱ्यावर आणू लागले. १९६८ मध्ये यामाहाची डीटी-१ आली. ती काही शर्यतीची गाडी नव्हती, पण रस्त्यावरून जाऊन थेट मातीत उतरता येईल अशी साधी २५०, आणि तिने घराघरांतली पोरं या छंदात ओढली. ओरेगनमधल्या एका लहानशा गावातून विकल्या जाणाऱ्या हॉडाकाच्या ९०, १०० आणि १२५ सीसीच्या गाड्याही तशाच. ‘सुपर रॅट’, ‘कॉम्बॅट वॉम्बॅट’ ही त्यांची अधिकृत नावं.

फोर-स्ट्रोकसाठी ओळखल्या जाणाऱ्या होंडाने १९७३ साठी टू-स्ट्रोक सीआर २५० एम काढली आणि तिला कॅलिफोर्नियातल्या लेक एल्सिनोर इथल्या शर्यतीवरून ‘एल्सिनोर’ नाव दिलं. त्याच वर्षी गॅरी जोन्सने तिच्यावर राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवलं. दुकानातून आणलेली गाडी जवळजवळ तशीच शर्यतीत उभी करता येते, हा विश्वास सामान्य माणसाला तिने दिला.

८ जुलै १९७२ रोजी लॉस एंजेलिसच्या कोलोझियम स्टेडियममध्ये माती आणून ओतली, रात्रीच्या दिव्यांत शर्यत लावली आणि सोळा वर्षांच्या मार्टी ट्रिप्सने ती जिंकली. सुपरक्रॉस तिथून निघालं. १९७३ मध्ये जिम पोमेरॉय स्पेनमध्ये, स्पॅनिश बुल्टाकोवर, जागतिक ग्राँ प्री जिंकणारा पहिला अमेरिकन ठरला. १९८१ मध्ये अमेरिकेच्या संघाने देशांची स्पर्धा पहिल्यांदा जिंकली, आणि मग १९९३ पर्यंत ती दुसऱ्या कोणाला मिळालीच नाही. १९८२ मध्ये ब्रॅड लॅकीने ५०० सीसीचा किताबही अमेरिकेत नेला. पंधरा वर्षांत शिष्य गुरूच्या पुढे गेला.

## जुनी गाडी चालवताना नव्या गाडीपेक्षा वेगळं काय जाणवतं?

नवी गाडी चुका पोटात घालते. खड्डा उशिरा दिसला, उडी तिरकी झाली, ब्रेक जरा जास्त लागला, तरी शॉक आणि फ्रेम मिळून सांभाळून घेतात. जुनी गाडी सांभाळून घेत नाही. म्हणून तिच्यावर नजर लांब ठेवावी लागते. वीस-पंचवीस मीटर पुढचा उंचवटा बघून आधीच वजन मागे न्यायचं, गुडघे सैल ठेवायचे, आणि खळग्यातून जाण्यापेक्षा वळसा घालून गुळगुळीत रेघ शोधायची. चांगला व्हिंटेज रायडर मागून पाहिला की तो वेगवान वाटतच नाही. घड्याळ मात्र वेगळं सांगतं.

दुसरी गोष्ट ताकदीची. जुन्या टू-स्ट्रोकमध्ये खालच्या वेगाला फारसं काही नसतं. मग इंजिनाचा सूर एका ठिकाणी बदलतो, आवाज पातळ होतो आणि सगळी ताकद एकदम हातात येते. ती जागा कानाने ओळखायची असते, आणि वळणातून बाहेर पडताना नेमकी तिथे पोचण्यासाठी क्लच बोटावर खेळवत ठेवायचा. हे एकदा जमलं की जो आनंद होतो तो मला दुसऱ्या कुठल्याही गाडीने दिलेला नाही.

ड्रम ब्रेक ओले झाले की जवळपास नाहीसेच होतात. पाण्यातून बाहेर आल्यावर ब्रेक हलका दाबून थोडं अंतर जायचं, म्हणजे लायनर तापून कोरडे होतात. अनेक ब्रिटिश आणि काही स्पॅनिश गाड्यांचा गिअर उजव्या पायाला आणि मागचा ब्रेक डाव्या पायाला असतो. घाबरल्यावर पाय सवयीने नेमका चुकीच्या बाजूला जातो, म्हणून अशा गाडीवर पहिले काही तास एकट्यानेच, मोकळ्या जागी घालवा. बऱ्याच जुन्या गाड्या गिअरमध्ये असताना किकने सुरू होत नाहीत. पडलात तर आधी न्यूट्रल शोधा, मग किक मारा. तोवर अर्धी रांग पुढे निघून गेलेली असते.

## तो विशिष्ट वास कशाचा?

एरंडेल तेलाचा. कॅस्ट्रॉल आर हे त्यातलं सगळ्यांत प्रसिद्ध नाव. भर तापमानातही या तेलाचा थर पिस्टनला धरून राहतो, म्हणून शर्यतीत ते लोकप्रिय होतं. पण रिंगांच्या खाचांत त्याचा चिकट राळेसारखा थर जमतो, आणि थंडीत ते पेट्रोलपासून वेगळं होऊन तळाला बसतं. आजची कृत्रिम टू-स्ट्रोक तेलं इंजिनासाठी अधिक चांगली आहेत आणि मी तीच वापरतो. एरंडेल घालायचंच असेल तर त्या दिवसापुरतं मिश्रण करा आणि संध्याकाळी टाकी रिकामी करा.

## पहिली जुनी गाडी कोणती घ्यावी?

सत्तरच्या दशकातली जपानी १२५ किंवा २५०. होंडा एल्सिनोर, यामाहा वायझेड, सुझुकी आरएम. पिस्टन, रिंगा, ऑइल सील, केबल असे झिजणारे भाग अजूनही तयार होतात, आणि अडलात तर मदत करणारे पुष्कळ भेटतात.

युरोपीय गाड्यांचं आकर्षण मला पूर्ण समजतं. सीझेड साधी आणि दणकट. हुस्कवार्ना सरळ रेषेत दगडासारखी स्थिर. माइको वळणात पुढच्या चाकावर अशी टेकते की तसं वळणं आजही थोड्याच गाड्यांना जमतं. तिची १९८१ ची ४९० ही मोठ्या गटातली सर्वोत्तम गाडी, असं मानणारे खूप आहेत आणि मीही मानतो. दोनच वर्षांनी ती कंपनी दिवाळखोरीत निघाली, हे वाचताना अजून वाईट वाटतं. या गाड्या दुसऱ्या क्रमांकाला ठेवा. हात बसल्यावर त्यांची खरी मजा कळते. ४९० पहिली गाडी म्हणून तर अजिबात नको.

## गाडी बघायला गेल्यावर काय तपासायचं?

सगळ्यांत आधी, काय नाही ते बघा. मूळ कार्बोरेटर, एअर फिल्टरचा डबा, सीटखालचा पत्रा, टाकीचं झाकण, हबची प्लेट. इंजिनाचे आतले भाग मिळतात, पण हे बाहेरचे भाग शोधताना वर्षं जातात. अर्धवट गाडी स्वस्त वाटते आणि शेवटी पूर्ण गाडीपेक्षा महाग पडते. हे मी एकदा नाही, तीनदा अनुभवलं आहे.

मग फ्रेम. हँडलच्या नळीखालचा जोड, फुटरेस्टच्या जागा आणि मागचा स्विंगआर्म जिथे बसतो ती जागा, इथे तडे आणि जुनी वेल्डिंग शोधा. रंगाचा जाड थर एकाच ठिकाणी असेल तर संशय घ्या. फ्रेमचा आणि इंजिनाचा नंबर कागदांशी जुळवा. सिलिंडरच्या थंडाव्याच्या पात्या तुटल्या आहेत का, आरे वाजवल्यावर सारखा आवाज देतात का, फोर्कच्या दांड्यांवर गंजाचे खड्डे आहेत का, ते बघा. प्लग काढून पिस्टन अर्ध्यावर आणा आणि मॅग्नेटचं चाक हाताने हळूच पुढेमागे हलवा. पिस्टन हलण्याआधी पोकळ ‘टक’ जाणवली तर कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग गेलेलं आहे.

फायबरग्लासची टाकी असेल तर आत बोट फिरवा. आजच्या पेट्रोलमधलं इथेनॉल त्या फायबरग्लासमधली राळ विरघळवतं, आणि तो चिकटा पुढे कार्बोरेटरमध्ये जाऊन बसतो.

## वर्षानुवर्षं बंद असलेली गाडी सुरू करण्याआधी काय करायचं?

किक मारायची नाही. हे सगळ्यांत अवघड, कारण मन तेवढंच मागत असतं.

प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडं तेल सोडा, रात्रभर मुरू द्या, मग हाताने फिरवून बघा. टाकी रिकामी करून आतला गंज काढा. कार्बोरेटर पूर्ण उघडा. लहान जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं बारीक छिद्र, हमखास बुजलेला असतो. एअर फिल्टरचा जुना फोम बोटांनी चुरगळला जातो, आणि तसाच ठेवला तर तो चुरा इंजिन आत ओढतं. गिअरचं तेल काढा. ते दुधाळ निघालं तर आत पाणी गेलेलं आहे. ब्रेकच्या ड्रमवर मात्र हवेचा झोत मारू नका. त्या काळच्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. तोंडाला मास्क लावून ओल्या फडक्याने पुसा आणि लायनर बदलून टाका.

आता क्रँकचे ऑइल सील. टू-स्ट्रोकमध्ये मिश्रण क्रँकच्या पोटातून वर जातं, म्हणून ते पोट हवाबंद असावं लागतं. वर्षांनुवर्षं पडून सीलचं रबर कडक होतं. मॅग्नेटच्या बाजूचा सील गेला की बाहेरची हवा आत येते, मिश्रण पातळ होतं आणि पिस्टन तापून जाम होतो. क्लचच्या बाजूचा गेला की गिअरचं तेल ओढलं जाऊन पांढरा धूर निघतो आणि तेल कमी होत राहतं. माझ्या पहिल्या २५० चं इंजिन एवढं गोड सुरू झालं की सील बदलायचं मी टाळलं. तिसऱ्याच दिवशी लांब सरळ पट्ट्याच्या टोकाला एक्सिलरेटर सोडला आणि मागचं चाक जागच्या जागी अडकलं. दोन बोटं क्लचवर होती म्हणून उभा राहिलो. तेव्हापासून जुनी टू-स्ट्रोक आली की सील आधी, बाकी सगळं नंतर. आणि दोन बोटं क्लचवर, कायम.

सील बदलल्यावर खात्री करून घ्यायची असेल तर इनटेक आणि एक्झॉस्ट बंद करून इंजिनात साधारण ६ पीएसआय हवा भरा आणि काटा बघत बसा. तो भराभर उतरला तर साबणाचं पाणी लावून गळती शोधा.

## पेट्रोलमध्ये ऑइल किती मिसळायचं?

जुन्या माहितीपुस्तकांत २०:१ लिहिलेलं असतं, म्हणजे लिटरला ५० मिली. ते त्या काळच्या तेलाला धरून होतं. चांगल्या आधुनिक तेलावर बरेचजण ३२:१ वापरतात, लिटरला साधारण ३१ मिली. एक गोष्ट नेहमी विसरली जाते: तेल वाढवलं की त्याच मिश्रणातलं पेट्रोल कमी होतं, म्हणून प्रमाण बदललं तर जेटही पुन्हा बघावा लागतो. प्लगचा रंग सांगेल.

## गाडी अगदी मूळ रूपात ठेवावी, की बदल करावेत?

झिजणारं आणि जिवावर बेतणारं सगळं बेधडक बदला: टायर, आरे, चेन, ब्रेक लायनर, केबल, ठिणगीची वेळ ठरवणाऱ्या जुन्या पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक इग्निशन. बाकीच्याला हात लावताना दहा वेळा विचार करा.

बुटांच्या घासण्याने फ्रेमचा रंग जिथे उडालेला असतो, टाकीवर गुडघ्यांनी जिथे चकाकी आणलेली असते, तिथे कोणीतरी कितीतरी रविवार खर्च केलेले असतात. नवा रंग मारला की ते पुसलं जातं आणि परत आणता येत नाही. नव्यापेक्षा नवी दिसणारी गाडी काचेमागे ठेवणाऱ्यांच्या कष्टांचा मी आदर करतो, पण माझं मन तिथे रमत नाही. ही यंत्रं कोणाचा तरी अंदाज होती. तो किती बरोबर होता हे फक्त मातीवर कळतं, आणि त्यासाठी ती चालवावी लागतात. काढलेले मूळ भाग मात्र फेकू नका. खोक्यात घालून वर नाव लिहून ठेवा, पुढच्या मालकासाठी.

## त्या काळचं हेल्मेट घातलं तर चालेल का?

नाही. आतला फोम आणि गोंद वयाने निकामी होतो. उघड्या चेहऱ्याचं हेल्मेट आणि तोंडावर जोफा कंपनीचा जाळीदार गार्ड फोटोत छान दिसतो; तो भिंतीवर टांगा. डोकं, मान, छाती आणि पायांसाठी आजचं सामान वापरा. गाडी जुनी असली तरी जमीन तेवढीच कठीण आहे.

## तो काळ मी पाहिलेलाच नाही. मग ही ओढ कसली?

हे विचारणारे बहुतेक तरुण असतात, आणि प्रश्न जरा संकोचून विचारतात. संकोचाचं काही कारण नाही. या गाड्यांत सगळं उघडं दिसतं. केबल कुठून कुठे जाते, ठिणगी कुठे पडते, पेट्रोल कुठून येतं, हे डोळ्यांनी पाहता येतं आणि एका दुपारी हातांनी समजून घेता येतं. एकोणीस वर्षांच्या मुलीने माझ्यासमोर पहिल्यांदा स्वतः पॉइंट लावून गाडी सुरू केली तेव्हा तिचा चेहरा जसा झाला होता, त्यात आठवणीचा काही भाग नव्हता. ते शुद्ध कळण्याचं सुख होतं.

## पन्नाशीनंतर शर्यतीत उतरता येतं का?

उतरता येतं, आणि एकटे पडणार नाही. गट गाडीच्या काळानुसार आणि रायडरच्या वयानुसार किंवा कौशल्यानुसार पाडलेले असतात. ट्रॅक शक्यतो नैसर्गिक चढउतारांचे असतात, आजच्या सुपरक्रॉससारख्या दुहेरी-तिहेरी उड्या नसतात. इंग्लंडमध्ये फार्ले कॅसलला बरीच वर्षं ज्येष्ठांची देशोदेशीची स्पर्धा भरायची. तिथे एकेकाळचे ग्राँ प्री रायडर आणि हौशी माणसं शेजारी शेजारी गाड्या पुसत बसलेली दिसायची. एक अलिखित संकेत पाळा: पुढच्याची गाडी दुर्मीळ आहे, तिला आतून धक्का देऊन जागा मिळवायची नाही.

## जुने ट्रॅक आज कुठे आहेत?

बरेचसे गेले. कॅलिफोर्नियातलं सॅडलबॅक पार्क १९८४ मध्ये बंद झालं. कार्ल्सबाडला १९७३ पासून १९८६ पर्यंत ५०० सीसीची अमेरिकन ग्राँ प्री व्हायची. जमीन उन्हाने काँक्रीटसारखी झालेली आणि मधोमध छातीत धडकी भरवणारा उतार. १९८० मध्ये मार्टी मोट्स तिथे जिंकला आणि घरच्या ५०० सीसीच्या ग्राँ प्रीत अमेरिकन पहिल्यांदा अव्वल आला. २००४ मध्ये तो ट्रॅक बंद झाला आणि त्या जागेवर इमारती उभ्या राहिल्या.

मला सगळ्यांत जास्त आठवण येते ती बेल्जियममधल्या नामूरची. किल्ल्याच्या टेकडीवरचा ट्रॅक, झाडांच्या बुंध्यांमधून, फरसबंदीवरून आणि एका बारच्या दारासमोरून जाणारा. १९८८ मध्ये स्वीडनचा हाकन कार्लक्विस्ट तिथे इतका पुढे होता की शर्यत चालू असताना त्या बारपाशी थांबला, एक ग्लास बिअर प्यायला, पुन्हा गाडीवर बसला आणि जिंकला. तो त्याचा शेवटचा ग्राँ प्री विजय. १९४७ पासून भरणारी नामूरची ग्राँ प्री २००७ नंतर झाली नाही.

इंग्लंडमध्ये श्रॉपशरच्या हॉकस्टोन पार्कमध्ये ती प्रसिद्ध वाळूची टेकडी अजून आहे. जेफ स्मिथ बीएसएवर जी चढला तीच. पायथ्याशी उभं राहिलं की जुन्या छायाचित्रांत ती किती सपाट दिसते ते कळतं. ट्विनशॉक गाड्या तिथे अजूनही तिसऱ्या गिअरमध्ये येतात, अर्ध्यावर दुसरा टाकतात, आणि वर पोचेपर्यंत एक्सिलरेटर सोडत नाहीत.